मुरलेलं तेल

१८ फेब्रुवारी १९५४, जळगाव

पुन्हा हात फुटले! बोटांच्या बेचक्यांत बारीक पाणीदार फोड, आणि खाज अशी की भाकरी थापताना रडू येतं. आत्याबाई, माझ्या सासूबाई, म्हणतात, "काम नको म्हणून नखरे." नखरेच करायचे असते तर चांगल्या जरीच्या लुगड्यासाठी केले असते मी. फोड कशाला मागून घेऊ?

आमच्या घरी केशतेल बनतं. तिळाचं तेल, त्यात सातपुड्यातल्या रोशा गवताचं तेल, बाटलीवर कमळाचं चित्र. निम्म्या गावातल्या वेण्यांना आमचाच वास! नवी नवरी म्हणून आले तेव्हा मी या वासावर भाळले होते. आता तो आला की हात आपोआप पदराखाली जातात.

२ मार्च

डॉक्टरांकडे जाऊन आले. म्हणाले, "उष्णता. ताक प्या." ताक प्यायले. फोड तसेच.

९ मार्च

करमसिंग पावरा चोपड्याहून तेलाचे डबे घेऊन आला. डोंगरात ओढ्याकाठी त्याची तांब्याची भट्टी आहे. गवत उकळायचं, वाफ थंड करायची, वर तरंगलेलं तेल काढून घ्यायचं. दारूबंदीच्या शिपायांनी यंदाही भट्टी उलथीपालथी करून हुंगली म्हणे! "हुंगा म्हणनू, डोक्याले लावा बी म्हणनू," असं सांगून तोच पोट धरून हसत होता. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी.

पण ते ताजं तेल आबा वापरू देत नाहीत. सासऱ्यांची रीतच ती. बाटल्या अर्ध्याच भरायच्या, तोंडाला कापसाचा बोळा, आणि गच्चीवर उन्हात ठेवायच्या. "लोणचं मुरस ना, तसं तेल बी मुरस!" काही बाटल्या तर माझ्या लग्नाच्याही आधीच्या. तेल काळपट, दाट. वास गोड, पण मागून नाकात काहीतरी टोचतं.

गच्चीवर पापड वाळत घालायला गेले तर त्या बाटल्यांची रांग माझ्याकडे बघत बसल्यासारखी वाटते. आता पापड अंगणातच घालते.

२३ मार्च

बेबाचं जमलं! माझी नणंद, पण धाकटी बहीणच म्हणा. धुळ्याचे लोटनशेठ, त्यांचा मुलगा. मुलगा बोलका आहे, बेबा तर दिवसभर लाजण्यातच दमली. लोटनशेठ धुळ्यातल्या सगळ्या दुकानांत आमचं तेल ठेवणार आहेत. आबांची छाती दोन बोटं पुढे आली आहे.

बेबा बोलता बोलता कानामागे खाजवत होती. आत्याबाई म्हणाल्या, "उवा." मी केस विंचरून पाहिले. ऊ एक नाही. भांगात आणि कानामागे लाल, खरखरीत. माझे हात सुरुवातीला असेच दिसायचे.

मला आवडलं नाही ते.

२८ मार्च

गंमत केली. गंमत कसली, भीतीच. एका दंडाला करमसिंगच्या डब्यातलं ताजं तेल लावलं, दुसऱ्याला गच्चीवरचं. चिंध्या बांधून ठेवल्या.

३० मार्च

ताज्याचा दंड नुसता गुलाबी. गच्चीवरच्याचा सुजून टम्म, फोडांनी भरला आहे.

ह्यांना दाखवला. हे आधी दार लोटून आले. मग म्हणाले, "आबांना कोण सांगणार?" एवढा मोठा बाप्या माणूस!

मीच सांगितलं. आबा दंडाकडे बघितल्यासारखं करून म्हणाले, "तुनं कातडंच नाजूक शे, सुमन." आणि उपरणं गळ्याभोवती नीट केलं. या उन्हात उपरणं आणि लांब बाह्या! उकडत कसं नाही यांना?

११ एप्रिल

साखरपुडा. धुळ्याचे पाहुणे. आबांनी सरबताच्या घागरीत गच्चीवरच्या तेलाचे थेंब सोडले. सगळे वा वा करत प्यायले, कुणाला काही झालं नाही. मी एक घोट घेतला आणि ओठ चरचरले, बघता बघता सुजले. पदर तोंडावर घेऊन माजघरात बसले ती पाहुणे जाईपर्यंत. आबा आणि लोटनशेठ ओटीवर बराच वेळ बसले होते. मोठमोठ्यानं हसण्याचे आवाज येत होते. सगळी मजा माझी हुकली.

१७ एप्रिल

आज जेवताना आबा म्हणाले, बेबाच्या हळदीत सगळ्यांत जुनं तेल घालायचं. लाल दोरा बांधून बाटली वेगळी काढून ठेवली आहे. "बठ्ठा मांडव घमघमना पाहिजे!"

मी हातातला घास ताटात परत ठेवला. तोंडाला, मानेला, हातापायांना चोपडतात हळद! आणि तिला तर आधीच सुरुवात झालेली आहे. बोलले. सगळ्यांसमोर बोलले. आत्याबाई म्हणाल्या, "नणंदेचं सुख बघवत नाही हिला."

बेबानं माझ्याकडे बघितलं नाही. ते फार लागलं.

२ मे

आज जे पाहिलं ते कुणाला सांगू?

दुपारी परसात राख टाकायला गेले. आबा विहिरीमागे सदरा काढून बसले होते, दंडांना लोणी चोळत होते. कोपरापासून वर कातडं म्हणून नाही. काळं, जाड, भेगाळलेलं, कुठे ओलं. मानेलाही तसंच. जुनं दुखणं आहे हे. कित्येक वर्षांचं.

"आबा! हे कधीपासून?"

त्यांनी आधी सदरा चढवला. मग हळूच म्हणाले, "तेलनं नाव खराब व्हयनं तर लोटनशेठ सोयरीक ठेवी का? लगीन होऊ दे. मंग काय बोलायचं ते बोल."

"आणि बेबाचं तोंड?"

"काही होत नाही. बठ्ठ्यासले थोडंच होस?"

माहीत होतं त्यांना! माझ्या हातांना नाजूक म्हणत होते तेव्हाही माहीत होतं. राग इतका आला की राखेची पाटी तिथेच आपटली. पण दंडावरून बाही ओढताना ते कळवळले होते. तेही विसरता येत नाही.

९ मे

केलं! सगळे मांडवाच्या गडबडीत असताना गच्चीवर गेले, लाल दोऱ्याची बाटली मोरीत ओतली, राखेनं घासून धुतली, आणि साधं तिळाचं तेल भरलं. रंगाला थोडं काजळ. आबांचं नाक इतकी वर्षं रोश्यात बुडालं आहे, त्यांना वास उरलेलाच नाही. परवा शेजारी भाजी करपली तेव्हाही त्यांना कळलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणेन, उन्हानं वास उडाला.

माझे हात कोपरापर्यंत सुजले. सुजू देत.

११ मे

बेबा माझ्याजवळ येऊन बसली. "वहिनी, रागावलीस का गं?" म्हणाली, आणि माझ्या सुजलेल्या हातांवर फुंकर घालत राहिली. मी काही सांगितलं नाही. नुसती हसले. हे दिवस सुखाचे, पोरीला कशाला घाबरवा? तेल मोरीतून वाहून गेलं. आता कसली भीती!

आज पोटभर जेवले.

१२ मे

उष्टी हळद आली. नवऱ्या मुलाला लावून उरलेली, धुळ्याहून, सकाळच्या मोटारीनं. मी चुलीपाशी होते. माजघरात ताटावरचं फडकं कुणीतरी काढलं आणि वास थेट स्वयंपाकघरात आला.

रोशा. मुरलेला.

साखरपुड्याच्या दिवशी आबांनी ओटीवर व्याह्यांच्या हातात एक बाटली दिली होती, हे मागाहून कळलं! मी तेव्हा सुजलेले ओठ झाकून आत बसले होते.

धावले. तोवर आत्याबाईंनी गाल, कपाळ, गळा, सगळं माखून झालं होतं. बायका गात होत्या. बेबा माझ्याकडे बघून हसली.

"वहिनी, जरा चुणचुणतंय गं."