टोपलीखालचं पीठ

४ मार्च, कोपरी
काल दुपारी बाबा गेले. जिथे त्यांना ठेवलं होतं तिथे दिवा लावलाय. शेजारी पीठ पसरून वर टोपली पालथी घालायची आणि उद्या उचलायची. ज्या जन्माला गेले त्याचं पाऊल उमटतं म्हणे. आत्या सगळं सांगत होती. आई एकदम म्हणाली, "पीठ हिला पसरू दे. धुळीचंच काम करते ना ती!" तांदळाचं पीठ, बारीक चाळणीने चाळलं. एकसारखा थर. रडू तेव्हा आलं, त्याआधी नाही.

५ मार्च
टोपली उचलली. आत्या: "पाखराचं पाऊल आहे बघ. सुटला माझा भाऊ." शेजारच्या काकांना गाईचा खूर दिसला. आई माझ्याकडे बघत होती. "तू सांग. तुला कळतं यातलं." मी वाकून, मोबाइलचा टॉर्च आडवा धरून नीट पाहिलं आणि सांगितलं, काही नाही, सपाट आहे.
शहाणपणा कुठे दाखवावा तेही कळू नये!
आई एवढंच म्हणाली, "म्हणजे गेलेच नाहीत अजून."

१३ मार्च
दहावं झालं, आत्या तिच्या घरी परतली. बिल्डिंग पाडणार आहेत, महिनाअखेर खोली रिकामी करायची. वरचे मजले आत्ताच ओस. दोघांनी टिटवाळ्याला माझ्या फ्लॅटवर यायचं हे बाबा असतानाच ठरलेलं. आता आई म्हणते, "ते इथे असताना मी कशी येऊ? नवं घर सापडायचं नाही त्यांना." रोज सकाळी टोपली उचलते, पीठ बदलते. रोज सपाट.

१७ मार्च
ऑफिसचं काम इथूनच. हवेत धूळ किती उडेल ते सांगणारं माझं कॉम्प्युटर मॉडेल आंबिवली-टिटवाळ्याकडच्या उघड्या पडलेल्या जमिनीवरून वारा नसतानाही धूळ उडवत होतं. शिरीष, माझ्या टीममधला, फोनवर: "अगं, भुतं उडवतायत काय तुझी धूळ?" चूक सापडली शेवटी. धूळ उठायला वाऱ्याचा किमान जोर लागतो, तो आकडा नकाशाच्या एका चौकोनात शून्य पडला होता. दुरुस्त केला. धूळ खाली बसली.
अगदी बारीक कण एकमेकांना धरून बसतात, झुळकीने हलत नाहीत. वाळूचा जाड कण येऊन आदळला तर उठतात. पिठाचंही तेच.
त्यावरून आठवलं. चाळून पडलेलं पीठ मोकळं असतं, भुरभुरीत. ५ तारखेचं तसं नव्हतं. दाबून बसवल्यासारखं होतं. बाबा कुठेही बसायच्या आधी समोरचं टेबल तळहाताने पुसून घ्यायचे. धूळ असो नसो. सवयच ती.
नको तिकडे डोकं चाललंय.

२१ मार्च
खोटं करायचं ठरवलं. आजवर एक रीडिंग बदललेलं नाही मी. पण आईला काय इथे ढिगाऱ्यात बसवू? ती आंघोळीला गेली तेव्हा पिठात पाखराचं पाऊल काढलं, तीन रेघा. टोपली ठेवल्यावर लक्षात आलं, मागचं बोट राहिलं. तेवढ्यात बाथरूमची कडी वाजली. राहू दे म्हटलं.

२२ मार्च
सपाट.
आईने बघितलं, पदर तोंडाला लावला. मी विचारलं, "तू हात लावलास का गं आई?"
"मी कशाला लावू? मला का नकोय ते सुटावेत?"
खिडक्या बंद, पंखा बंद. वारा मोजायचं यंत्र बॅगेतच होतं, ते टोपलीखाली ठेवलं. शून्य. 

२४ मार्च
पुन्हा काढलं होतं काल. पुन्हा सपाट. जवळून पाहिलं तर मधे किंचित खोलगट. माझा तळहात वर धरून बघितला, खळगा मोठा आहे.
भीती वाटते. आणि खरं लिहायचं तर, बरंही वाटतं.

२९ मार्च
टेम्पो भरला. आई दिव्याच्या जागेपासून हलेना. टेम्पोवाला हॉर्न मारतोय. शेवटी मी टोपली आणि चाळणी तिच्या हातात दिली आणि रिकाम्या खोलीत मोठ्याने बोलले. "बाबा, टिटवाळा. स्टेशनवरून रिक्षा करा, शाळेच्या मागची नवी बिल्डिंग, तिसरा मजला. लिफ्ट कधी कधी बंद असते." माझीच मला लाज वाटली.
आई उठली आणि टेम्पोत जाऊन बसली.

३० मार्च, टिटवाळा
चहूकडे बांधकाम, खिडक्या उघडायची सोय नाही. संध्याकाळी पीठ मी पसरलं. काही काढलं नाही. शपथ.

३१ मार्च
उठले तर आई ओट्याशी कणीक मळत होती. "मी उघडलं नाही. तू उचल."
तीन रेघा. मागचं बोट नाही.
आई भरल्या हातांनीच आली. "काय आहे? खरं सांग हं."
"पाखरू."
ती मटकन खाली बसली. "सुटले गं बाई." रडली, मग हसली, मग चहा टाकला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली.
कोपरीतल्या माझ्या रेघा तिने पाहिल्या होत्या का? विचारायचं तर माझं खोटं आधी सांगावं लागेल. तिच्या बोटांना लागलेलं पीठ गव्हाचं की तांदळाचं हेही बघायचं राहिलं. हात धुऊन टाकले तिने.

त्याच दिवशी, संध्याकाळ
आई दुपारपासून गाढ झोपली आहे. ऑफिसची मीटिंग झाली, बाहेरच्या खोलीत आले. सामान अजून बांधलेलं. जेवायच्या टेबलावर बांधकामाची पांढरी धूळ बसली आहे, सगळीकडे सारखी. फक्त भिंतीकडच्या खुर्चीसमोर तळहाताने पुसल्यासारखा स्वच्छ पट्टा.
आईला सांगणार नाही.
मी समोरच्या खुर्चीत बसून हे लिहितेय.