पाणी भरायच्या आत

अंतरवाली सराटी,
ता. अंबड, जि. औरंगाबाद
११ फेब्रुवारी १९७६

चि. सौ. आसरा हीस,

मल्हारीचा आशीर्वाद. हिराजीरावांना नमस्कार, लेकराला पापा. इकडं आबांची तब्येत बरी आहे, गुडघा सोडला तर. ज्वारी काढणीला आली. मेंढरं अकरा होती ती आता तेरा झाली. माझ्या शाळेत दोन वर्ग एकाच खोलीत बसतात, म्हणजे मी दिवसभर ओरडतो आणि संध्याकाळी घसा शेकतो. एवढी खुशाली पुरे.

तुझं पत्र पोचलं. दोन्ही अंगांनी भरलेलं, समासातसुद्धा आडवं लिहिलेलं. ‘अलिबागपर्यंत आलात आणि पुढचे सतरा किलोमीटर तुम्हाला जड झाले’ हे वाक्य तू दोनदा लिहिलंस. एकदा लिहिलं असतंस तरी कळलं असतं, मी मास्तर आहे. तू तांदळाच्या भाकरी केल्या, कालवण केलं, लेकराला न्हाऊ घातलं, दुपारी बारापासून रेवदंड्याच्या स्टँडवर उभी राहिलीस, उतरणाऱ्या प्रत्येक मास्तराला आबांचं विचारलंस. सहलीतल्या शिवाजी गुरुजींनी हे मला तेव्हाच सांगितलं होतं. परत तूही लिहिलंस. आता काय झालं ते माझ्याकडून ऐक, आणि मधे रागावून पत्र फाडू नको. निदान शेवटपर्यंत वाच.

आम्ही तालुक्यातले मास्तर वर्गणी काढून एसटी ठरवून सहलीला निघालो होतो. आराम करायला म्हणे. चाळीस मास्तर एका गाडीत बसले की आराम कसा होतो ते तुला काय सांगू. पुण्यापासून भेंड्या, पेणला धर्मशाळेत ढेकूण. बेत असा होता की सकाळी अलिबाग, मग नागाव, चौल, दुपारी रेवदंडा, तिथं तीन तास मुक्काम आणि संध्याकाळी परत अलिबागवरून घरी. एकेकाला घरचं एक माणूस आणायची मुभा होती. बाकीच्यांनी बायका आणल्या. मला बायको नाही, का नाही ते तुला ठाऊक आहे, म्हणून मी कोणालाच आणणार नव्हतो. आबाच म्हणाले, “मला समिंदर पाह्यचाय.” सत्तरीला आलेला माणूस, उभ्या जन्मात गोदावरीच्या पलीकडं न गेलेला, आणि त्याला समुद्र पाहायचा. मी समजायचं ते समजलो. गाडी रेवदंड्याला जाणार हे शिवाजी गुरुजींनी त्यांना चावडीवर सांगितलं होतं. काखेत एक गाठोडंही होतं. काय आहे म्हणून विचारलं तर म्हणाले, “थंडीचं.” जानेवारीत कोकणात कसली थंडी.

घरात मास्तर असताना त्यांनी जालन्याच्या डेपोतून पत्ता मिळवून तुला कार्ड मात्र शिवाजी गुरुजींकडून लिहून घेतलं, हे मला तुझ्या पत्रातून कळलं. आधी मला त्याचा फार राग आला.

अलिबागला आम्ही उजाडता पोचलो. समुद्रातल्या कुलाबा किल्ल्याकडं माणसं चालत जाऊन राह्यली होती, पाणी पार मागं सरकलेलं. गाडी साडेनऊला सुटणार होती. आबांनी काठीनं वाळू ठोकून पाहिली, नदीच्या पात्रात ठोकतात तशी, आणि चपला हातात घेऊन निघाले. मीही निघालो. किल्ल्यात एक गोड्या पाण्याची विहीर आहे. चारी बाजूंनी खारट आणि मधे गोड, याचं आबांना इतकं नवल वाटलं की ते तिथंच बसले. ओंजळीनं पाणी प्यायले. म्हणाले, “पोरीचं नाव आसरा ठेवलं, पाण्याच्या देवीचं. मंग ती पाण्याकडंच गेली. आपून तरी कोणाला दोष द्यावा?”

सहा वर्षांत तुझं नाव त्यांनी पहिल्यांदा घेतलं.

उठलो तोवर पाणी आलेलं होतं. आधी घोटा, मग गुडघा, मग वाटच दिसेना. आबा काठावर उभे राहून एकदा पाण्याकडं आणि एकदा आभाळाकडं बघत होते. “ढग न्हाई, गडगड न्हाई, वर कुठं पाऊस झाल्याला न्हाई. मंग हे पाणी आलं कुठून?” आपल्याकडं पात्र कोरडं असलं की माणूस दिवसभर त्यात बसतो, मेंढरं बसवतो, झिरा खोदून पाणी पितो. पाणी यायचं तर आधी वर्दी देऊन येतं. ही त्यांची सगळी अक्कल, आणि आपल्याकडं ती खोटी ठरत नाही. होडी मिळाली नाही. गाडी आमच्यावाचून गेली. चार वाजेपर्यंत आम्ही तटाच्या सावलीत बसून राहिलो. सात तास त्यांनी गाठोडं मांडीवरून खाली ठेवलं नाही. त्यात घोंगडी होती, आपल्याच मेंढरांच्या काळ्या लोकरीची, संगराकडून मुद्दाम विणून घेतलेली. तुझ्यासाठी.

संध्याकाळी गाडी परत आली तेव्हा शिवाजी गुरुजी म्हणाले, “स्टँडवर तुमची पोरगी उभी होती हो, आबा. कडेवर लेकरू.” आबांनी मला विचारलं, “लेकरू हाय तिला? केवढं हाय?” मी म्हणालो, मला काय माहीत.

आसरा, मला माहीत होतं.

आता इथून पुढं लिहायला हात जड होतोय, पण लिहितो. तू पाठवलेली सातही पत्रं पोचली. पोस्टमन शाळेत येतो, टपाल माझ्या हातात देतो. पहिलं पत्र आलं तेव्हा आबा तुझं नाव काढू देत नव्हते. मी म्हटलं, राग निवला की वाचून दाखवू. राग माझाही होता. तू जालन्याच्या डेपोतल्या ड्रायव्हरबरोबर निघून गेलीस, आणि पंधरा दिवसांत पिंपळगावच्या लोकांनी माझी ठरलेली सोयरीक मोडली. ‘ज्या घरातली पोर अशी गेली’ वगैरे. तू सुटलीस, मी इथं राहिलो. तुझं कोणी तोंड बघितलं नाही, माझं सगळं गाव बघत होतं.

मग दुष्काळाच्या साली तुझं पत्र आलं. आबांची ऐंशी मेंढरं चाऱ्यावाचून गेली होती, ते पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होते, सुकडी खाऊन दिवस काढत होते. आणि तू लिहिलं होतंस की परसात नारळ लागलेत, खाडीला मासळी खूप आहे, आबांना घेऊन ये, चार महिने राहा. मला वाटलं, आम्हाला चिडवून राह्यली. आज ते पत्र परत वाचलं तर त्यात चिडवणं कुठंच नाही. खाली लिहिलं होतंस की पाचवा महिना चालू आहे. ते मी तेव्हाही वाचलं होतं. आणि पत्र पेटीत टाकलं, जुन्या हजेरीपटांच्या खाली. त्यानंतर आबा दर दिवाळीला विचारायचे, “कुठून काही चिठ्ठी?” मी न्हाई म्हणायचो. एकदा न्हाई म्हटलं की पुढच्या वेळी हो म्हणता येत नाही गं.

या वेळचं तुझं पत्र मात्र पोस्टमननं वाटेत आबांच्या हातात दिलं. ते काठी टेकत शाळेत आले, भर वर्गात. “वाच,” म्हणाले. पोरांना मी बाहेर सोडलं आणि वाचलं: सगळे खुशाल, तुम्ही आला नाहीत, वाईट वाटलं, कळावे. आबांनी कागद माझ्या हातातून घेतला, उलटा केला, परत सुलटा केला. ओळींवरून बोट फिरवलं, मेंढरं वाड्यात घेताना फिरवतात तसं. म्हणाले, “ह्या अंगाला बी हाय. कडंला बी हाय. एवढ्या वळी तिनं लिवल्या आन तू चारच वाचल्यास. मला अक्षर येत न्हाई मल्हारी, मोजायला येतं.”

मग मी सगळं वाचलं. ‘मी पाठवलेल्या सात पत्रांना तुम्ही एकाचंही उत्तर दिलं नाहीत’ इथं आल्यावर ते म्हणाले, “थांब. बाकीच्या कुठं हायती?” मी घरी जाऊन पेटी उघडली. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पत्रं पागोट्याच्या घडीत ठेवली आणि म्हणाले, “रोज दिवेलागणीला एक वाचायचं. दोनदा.” तीन झाली. कालच्यात नातू झाल्याचं होतं. ते त्यांनी चारदा वाचायला लावलं आणि मग मला म्हणाले, तू जेव, मला भूक न्हाई.

आता उरलेलं एक. ते अजून त्यांनाही सांगितलेलं नाही.

मी चौथीला भूगोल शिकवतो. भरती-ओहोटी दर साली फळ्यावर काढून शिकवतो, चंद्र, पृथ्वी, पाणी, सगळं. आदल्या दिवशी पौष पौर्णिमा होती. शिवाय किनाऱ्यावर चहावाल्यानं मला बजावलं होतं, “मास्तर, साडेआठच्या आत परत या, मग पाणी भरतं.” आबा तेव्हा पुढं गेले होते. विहिरीपाशी बसलो असताना मी घड्याळ पाहिलं तेव्हा आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. आबा म्हणाले, “चलायचं का? गाडी सुटंल.” मी म्हणालो, बसा हो, अजून लई वेळ आहे. तुम्ही दोघं समोरासमोर आलात की पहिला प्रश्न पत्रांचा निघणार, हे मला रात्रभर पेणच्या ढेकणांपेक्षा जास्त चावत होतं. मी पाणी येताना बघत बसलो. मुद्दाम.

आणि परत आल्यापासून तीन आठवडे आबा पारावर, पिठाच्या गिरणीत, जो भेटेल त्याला सांगून राह्यले, “माझ्या येडेपणानं पोरीची गाठ हुकली. मला म्हाताऱ्याला काय कळतंय समिंदरातलं.” लोक हसतात, तेही हसतात. घरी येऊन घोंगडी उघडतात, झटकतात, परत घडी घालतात. मला ते बघवत नाही. कोणावर ओरडू तेही कळत नाही, म्हणून पोरांवर ओरडतो.

* * *

वरचं सगळं आज संध्याकाळी आबांना वाचून दाखवलं. एकही ओळ गाळली नाही, त्यांनी कागदावर बोट ठेवूनच ठेवलं होतं. किल्ल्याचं आलं तेव्हा माझा आवाज बसला. त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाले, “पुढं.” संपल्यावर कागदावरचं बोट उचललं. मग एवढंच बोलले, “मंजे मी येडा न्हवतो तर.”

मी रडलो. त्यांनी उगी म्हटलं नाही.

त्यांनी सांगितलेलं आता त्यांच्याच बोलीत लिहितो. “पोरी, महाशिवरात झाली की पयल्या सोमवारी निघतो. अंबडवरून पुण्याची गाडी, तिथून पुढं इचारत येतो, मला तोंड हाय. ष्टँडवर उन्हात उभी ऱ्हाऊ नको, जावयाला धाड. नातवाला सांग, आजा येतोय. आन भाऊ माझ्यासंगं येणार न्हाई. मेंढरं तो बघंल.”

मी विचारलं, मी कधी जायचं? म्हणाले, “ती बोलवील तवा. म्या कोण सांगणार?”

मी तुला माफ कर म्हणत नाही. सात पत्रं दाबून ठेवलेल्या माणसाला नवव्या पत्राची अपेक्षा करायचा अधिकार नाही, एवढं मला कळतं. तरी पोस्टमनला सांगून ठेवलंय की आबांचं टपाल आजपासून त्यांच्याच हातात द्यायचं. त्यात कधी माझ्या नावाची एखादी ओळ असली, तर ते बोट ठेवून मला दाखवतील.

तुझा भाऊ, हा शब्द ठेवायचा की खोडायचा ते तू ठरव,
मल्हारी

खालचा अंगठा आबांचा आहे. पत्र पुरं वाचलं याची खूण म्हणून त्यांनी स्वतःहून उठवला.