तळ दिसणारं पाणी

पणदरे, ता. बारामती
मंगळवार, २१ मे १९९६

ती. वन्सं,

रोहिणीचा वाकून नमस्कार. नावाआधी 'गं. भा.' लिहिलेलं नाही. आबा म्हणाले, रीत असते. पण माझा हात धजत नाही, आणि तुम्हालाही ते आवडत नाही हे मला ठाऊक आहे. रीतीचं काय ते मी आणि आबा बघून घेऊ.

तुमचं प्रशिक्षण कसं चाललंय? हॉस्टेलच्या आमटीत डाळ शोधावी लागते असं तुम्ही लिहिलं होतं, ते वाचल्यापासून तुमच्या भावाला इथं घास गोड लागत नाही. तरी तीन पोळ्या खातात, ते सोडा. तुम्ही आलात की महिनाभर हलू देणार नाही, तब्येत सुधारूनच पाठवणार.

सार्थक मजेत आहे. अंगानं भरलाय, रंगानं मात्र आमच्या मल्हारसारखा कोळसा झालाय, एसटीतून उतरल्यावर आधी दोघांत तुमचा कुठला ते बघून घ्या. आंबे खाऊन कपाळावर दोन फोड आलेत, त्याला चंदन लावतेय. सकाळी आबांबरोबर डेअरीला जातो, किटली उचलू देत नाहीत म्हणून भांडतो. आमची राजनंदिनी त्याला आणि मल्हारला समोर बसवून शाळा-शाळा खेळते आणि तुमच्यासारखाच चष्म्याच्या वरून बघायचा आव आणते. एक सांगते, रागावू नका. पोरगं हाय-न्हाय करायला लागलंय. तुम्ही शाळेतल्या बाई, मुलांना शुद्ध बोलायला शिकवणाऱ्या, आणि पोरगा परवा मला म्हणतो, "मामी, म्हस पान्हवंना व्हय गं?" मी हसून हसून बेजार.

जेवतो चांगला. झोपतो चांगला. तब्येतीची काही काळजी करू नये.

हे मी तिसऱ्यांदा लिहितेय. आधीची दोन पत्रं इथवर येऊन चुलीत गेली. तुमचे भाऊ म्हणतात, "आक्काला कळवायचंच कशाला? आल्यावर बोलू." पण तुमचा लेक एसटी स्टँडवरच एका दमात सगळं सांगून मोकळा होईल. त्यापेक्षा माझ्याकडून ऐकलेलं बरं. पुन्हा सांगते, सार्थक खुशाल आहे. आत्ता माझ्या समोर बसून चिंचेचे आकडे सोलतोय. आता पुढचं वाचा.

आम्ही रविवारी मोहनरावांकडं गेलो होतो. ह्यांचे कॉलेजातले मित्र, भिगवण सोडल्यावर ज्यांची द्राक्षाची बाग आहे ते. तुमच्या लग्नात वाढायला होते आणि जिलेबीचं ताट घेऊन पडले होते, तेच. त्यांनी शेतावर पोहायचा तलाव बांधलाय. निळ्या फरश्यांचा, उतरायला पायऱ्या, कडेला बसायला बाकडी. आसपासच्या गावांतली माणसं जत्रेला यावीत तशी बघायला येतात. लोक नावंही ठेवतात, की उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन फिरतात आणि हा पोहतोय. मोहनराव म्हणतात, पाणी वाया जात नाही, आठवड्यानं तेच बागेला सोडतो. चार वेळा निरोप आला, पोरांना घेऊन या. राजनंदिनीनं दोन दिवस तोंड फुगवलं.

मला तुमचा शब्द आठवत होता, वन्सं. एसटी हलली तरी खिडकीतून तुम्ही तेच सांगत होतात, "रोहिणी, पाण्याजवळ नेऊ नकोस त्याला." मी म्हटलं होतं, नाही नेत. आणि पाळलंही होतं. ह्यांनी विहिरीच्या वाटेवर बाभळीच्या काट्या आणून लावल्यात. मल्हारचं पोहणं शिकायचं ह्या वर्षी बंद ठेवलं, एकाला पाठवायचं आणि एकाला घरी ठेवायचं बरं दिसत नाही म्हणून. पण मोहनरावांकडं जाताना आबा म्हणाले, "पोरगं माझ्याजवळ बसंल सावलीत. त्याला एकट्याला मागं ठिवून आपुन जायचं का?" तेही खरंच होतं. गेलो.

तिथं पोचल्या पोचल्या मोहनरावांनी आबांना सगळं फिरवून दाखवलं. मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "आबा, हे विहिरीचं पाणी न्हाय. थेट उजनीतनं पाइपलाइन आणलीया." सार्थकसमोर उजनीचं नाव! ह्या माणसाला कुठं काय बोलावं ते कधीच कळलं नाही. मी सार्थककडं बघितलं, तो आबांचं बोट धरून शांत उभा होता. वाटलं, लहान आहे, त्याला काय समजतंय.

पोरं ट्रॅक्टरच्या ट्यूबा घेऊन पाण्यात पडली. सार्थक लिंबाखाली आबांच्या बाजेवर. एकदाही म्हणाला नाही की मला जायचंय. नुसता तलावाकडं बघत होता. मधूनच उठायचा, कडेपासून हातभर लांब थांबायचा, वाकून बघायचा, परत यायचा. घरीही तो म्हशीच्या हौदाशी असाच वाकून बघतो, कधी ओठ हलतात. आम्हाला वाटायचं आपलं तोंड बघतोय, खुळा. आणि अंघोळीला डोक्यावर तांब्या ओतला की घर डोक्यावर घेतो, ते तर तुम्हाला माहीतच आहे.

दुपारी सिंधुबाईंनी, म्हणजे मोहनरावांच्या मंडळींनी, आमरस-पोळी केली होती. कुरडया, भजी, सगळं. जेवणं झाली आणि मोहनरावांचा आवाज चढला. तलावात पोळीचे तुकडे तरंगत होते. एक अख्खी कुरडई. रसाचा पिवळा डाग. नवीन तलाव, माणसाला लागणारच. "कुणी क्येलं हे? खाऊन माजलाय का रं?" मी सरळ मल्हारच्या पाठीत धपाटा घातला, कारण असले उद्योग त्याचेच असतात. तो रडत म्हणाला, "मी न्हाय, आईशप्पत."

तेव्हा सार्थक बाजेवरून उतरला आणि म्हणाला, "त्याला मारू नको. मी टाकलं."

आबांनी विचारलं, "का रं बाळा?"

"बाबांना."

वन्सं, मोहनराव तोंड उघडं टाकून उभे. मी खाली बसले आणि त्याला जवळ घेतलं. हळूहळू विचारलं तसं त्यानं सांगितलं, अगदी समजावून, मलाच काही कळत नाही अशा सुरात. आई दरवर्षी नेते. धरणाच्या कडेला पानावर जेवण ठेवते, नारळ सोडते, आणि म्हणते बाबांना नमस्कार कर. म्हणजे बाबा तिथं आत राहतात. आता पाइपलाइन आली म्हणजे ते इथंही येऊ शकतात. आणि आपण सगळ्यांनी आमरस खाल्ला, त्यांना कुणी दिला नाही.

दाजी मोटरीच्या पाइपाचा फुटव्हॉल्व्ह काढायला उजनीच्या पाण्यात उतरले आणि वर आले नाहीत, तेव्हा हा नुकता चालायला लागला होता. आपण त्याला घरात दडवून ठेवलं. दहन काठावर केलं, रक्षा तिथंच सोडली, पण ते त्यानं बघितलं नाही, आणि आपण कुणी कधी सांगितलंही नाही. त्यानं जेवढं बघितलं त्यातून आपलं आपण जुळवलं. म्हणून तो डोक्यावर पाणी घेत नव्हता. त्याला बुडायची भीती नव्हतीच. अंगावर पडणाऱ्या पाण्यात बाबा असले तर, ही धास्ती होती.

मी म्हटलं, "बाबा पाण्यात नाहीत रे सोन्या." त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मोठी माणसं खोटं बोलतात हे त्याला पाठ आहे. म्हणाला, "तू बघितलंस?"

मी म्हटलं, "नाही बघितलं. चल, दोघं बघू."

हे मी केलं. कुणी सांगितलं नाही, कुणाला विचारलं नाही. तुमचे भाऊ जेवण होताच पंप बघायला गेले होते, त्यामुळं त्यांच्यावर राग काढू नका. मी पदर खोचला आणि साडीसकट पायऱ्या उतरले, सार्थकला कडेवर घेऊन. लोणी भापकरला माहेरी विहिरीत मी पोरांच्या बरोबरीनं पोहत होते, हे ह्या घरात आजवर कुणाला ठाऊक नव्हतं. आबांसमोर माझा डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही, आणि आता मी त्यांच्यासमोर कमरेएवढ्या पाण्यात. आबा उठले, बाज उचलून फिरवली आणि रस्त्याकडं तोंड करून बसले. मला तेवढी परवानगी पुरली.

सार्थकनं माझा गळा असा आवळला होता की श्वास घ्यायला जड जात होतं. पाणी माझ्या छातीपर्यंत आलं तेव्हा थांबले. खाली सगळं स्वच्छ, निळ्या फरश्या, माझी पावलं, पायातली जोडवी. म्हटलं, "बघ." त्यानं वरूनच बघितलं. म्हणाला, "त्या कोपऱ्यात?" त्या कोपऱ्यात गेलो. "शिडीच्या खाली?" तिथं गेलो. सगळा तलाव फिरलो आम्ही. मल्हार आणि राजनंदिनी काठावर बसून बघत होती, मार खाल्लेला मल्हारसुद्धा.

मग तो आपणहून म्हणाला, "डोळं उघडं ठिवून आत बघतो." नाक धरलं आणि तोंड पाण्यात घातलं. लगेच वर. परत घातलं. त्यानंतर जे घातलं ते बाहेरच काढेना, मीच घाबरून ओढला. केस कपाळाला चिकटलेले, डोळे लाल, आणि तोंडभर हसू. ओरडला, "मामी, कुणी न्हाय गं आत! कुणीच न्हाय!"

आबा विसरून मागं वळले. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती आणि ते हसतही होते.

तिथंच पाण्यात उभं राहून मी त्याला सगळं सांगितलं. बाबा बुडाले ते खरं, पण त्यांना लोकांनी त्याच दिवशी बाहेर काढलं. काठावर अग्नी दिला. गेलेल्या माणसाला भूक लागत नाही. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गार बी लागत न्हाय?" म्हटलं, नाही, अजिबात नाही. त्यानं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. मी म्हटलं, आता रडेल. तर म्हणाला, "मल्हारची ट्यूब मला दे."

मग जे चाललं ते विचारू नका. तिन्ही पोरांनी सिंधुबाईंच्या वाळवणापर्यंत पाणी उडवलं. मोहनरावांनी स्वतः जाळी घेऊन पोळीचे तुकडे काढले आणि पुन्हा वाटी भरून रस आणून सार्थकच्या हातात दिला, "हा तुजा, तूच खायाचा." ओठ निळे पडले तरी बाहेर यायला तयार नाही. परतताना जीपमध्ये माझ्या मांडीवर असा झोपला की बारामतीत थांबून उसाचा रस प्यायलो तरी जाग नाही. सोमवारी सकाळी न्हाणीतून गाण्याचा आवाज आला. बघते तर स्वारी स्वतःच तांब्यानं डोक्यावर पाणी ओतत होती. वन्सं, मी दाराआड उभी राहून रडले. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

मी तुमचा शब्द मोडला. तुम्ही बोला मला, हक्क आहे तुमचा. पण पोराला पाण्यात नेलं ह्याचं मला वाईट वाटत नाही, तसं खोटं लिहिणार नाही. वाईट ह्याचं वाटतं की हौदाशी वाकलेलं पोर आम्ही रोज बघितलं आणि एकानंही विचारलं नाही, काय शोधतोस.

एक मागणं आहे. धरणावर जाऊन तुम्ही नारळ सोडता ते तुमचं आणि दाजींचं. त्यात मी कोण बोलणार? पण यंदा त्याला नेलंत तर काठावरची ती जागा दाखवा, जिथं अग्नी दिला ती. माझ्या तोंडून ऐकलं ते तुमच्या तोंडून ऐकू दे. त्याला पोहायला शिकायचंय, रोज भुणभुण चालू आहे. विहिरीच्या वाटेवरच्या काट्या अजून तशाच आहेत. तुमचं उत्तर येईपर्यंत मी त्या हलवू देणार नाही, एवढा तरी शब्द आता पाळते.

सार्थकला आत्ता विचारलं, आईला काय कळवू? चिंच तोंडात ठेवूनच त्यानं सांगितलं, ते जसंच्या तसं लिहिते:

"आईला लिव्ह, मी डोळं उघडं ठिवून बघितलं. बाबा पाण्यात न्हाईत. त्यांना गार लागत न्हाय. आता थंडीत तू बी उठून रडू नगं."

वन्सं, तुम्ही रात्री उठून रडता तेव्हा तो झोपलाय असं तुम्हाला वाटतं. तो जागा असतो.

लवकर या.

तुमचीच,
रोहिणी