चंदाची गाडी डावीकडे ओढते

सांगवी, पैनगंगेकाठ
जि. आदिलाबाद
सोमवार, १८ नोव्हेंबर २०२४, संकष्टी

चि. जयदीप यास त्याच्या आजीचे, म्हणजे बापाच्या आईचे, अनेक आशीर्वाद. बापाच्या आईचे असं मुद्दाम लिहायला सांगितलं. नुसतं आजी म्हटलं की तुला हल्ली दुसरीच आठवते, असं कानावर आलं.

इकडे सगळं बरं आहे. कापसाची दुसरी वेचणी चालू आहे. तुझ्या बापाचा गुडघा थंडी पडली तसा बोलायला लागला. काळी गाय व्याली, गोऱ्हा झाला. गोऱ्हा दिसायला तुझ्यावर गेला आहे, कान मोठे आणि हाक मारली तर लक्ष दुसरीकडे.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू दोन मिनिटांत ‘आजी, मीटिंग आहे’ म्हणून पळतोस. पत्राला मीटिंग नसते. सांगते मी, लिहिते तुझी आई. आता बोलायचं आहे विहीणबाईंबद्दल, म्हणजे तिच्याच आईबद्दल. म्हणून आधीच बजावलं, “सुवर्णा, मी बोलीन तेच लिहायचं. आईची बाजू घेऊन शब्द गाळायचा नाही.” ती म्हणते, “मी काऊन गाळू, आत्याबाई?” म्हणते खरं, पण पेन असा धरून बसली आहे जसा विळा.

तर तू बनवलेल्या त्या फोनवरच्या गाड्यांच्या खेळाबद्दल. दोनशे वर्षांनंतरचं शहर, चाकं नसलेल्या गाड्या, हवेतले रस्ते. पडले कोणी तर कुठं पडतील, याचा विचार केलेला दिसत नाही. पण चांगलं आहे. तुझ्या आईला तर वेड लागलं. वेचून आली की ओट्यावर बसून फोनवर गाडी पळवते. वाढ गं म्हटलं की म्हणते, “एक चक्कर राह्यली.” परवा भाजी करपली. हे तिने लिहिलं का ते वाचून घेणार आहे मी कोणाकडून तरी.

विहीणबाईंचा फोन मागच्या आठवड्यात आला. आदिलाबादेहून त्या फोन करतात तेव्हा शाळेतल्यासारखं बोलतात. बाई रिटायर झाल्या, आवाज नाही झाला. म्हणाल्या, “जयवंताबाई, ऐकलंत का? आपल्या जयदीपने खेळात घरच्या गोष्टी लपवून ठेवल्यात. लोक शोधून शोधून व्हिडिओ टाकतात. आणि सगळ्यात आधी सापडले ते मी!”

मग सांगत बसल्या. शर्यत संपते तिथे जी उंच इमारत आहे, तिच्यावर दिव्यांची पाटी आहे, ‘दमयंती विद्यालय’. चक्कर पूर्ण झाली की जी घंटा होते ती त्यांच्या शाळेची, तू जाऊन रेकॉर्ड करून आणलेली. आणि निशाण दाखवणाऱ्या यंत्रबाईच्या डोळ्यांवर चष्मा आहे तो त्यांचा, डावी काडी दोऱ्याने बांधलेला तो.

मी म्हटलं, “छान.”

फोन ठेवला आणि तुझ्या आईला म्हटलं, शोध बाकीचे. तिने शोधले. तुझ्या बापाच्या जुन्या स्कूटरचा नंबर एका गाडीच्या पाठीवर आहे. शंभर मजली इमारतीच्या गच्चीवर लाल मिरच्या वाळत टाकल्यात, त्या तुझ्या आईच्या. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, मिरच्यांशिवाय. आदिलाबादच्या कापूस बाजारातला काटा आहे, त्यावर गाड्या तोलतात. आणि मोत्या आहे! लंगडा मोत्या, आपला कुत्रा, जो मेला तेव्हा तू जेवला नव्हतास. तो प्रत्येक शर्यतीच्या सुरुवातीला रस्ता ओलांडतो आणि सगळे थांबतात.

कुत्रा आहे. मी नाही.

मला राग आला नाही. हेवा तर मुळीच नाही. (सुवर्णा, हसू नको, लिही.) एवढंच मनात आलं की सात वर्षांचा होतास तेव्हा तुला आदिलाबादला शिकायला विहीणबाईंकडे ठेवलं. त्यांना अक्षर येत होतं, मला नव्हतं, तेव्हा ठेवायलाच पाहिजे होतं. त्यांनी तुला पाढे दिले, इंग्रजी दिली, चष्मा पण दिला. आम्ही सुट्टीपुरते. आता घंटा त्यांची वाजणारच. आमच्या घरात वाजण्यासारखं काय होतं, तर गाईच्या गळ्यातलं घुंगरू.

म्हणून तू कार्यक्रमाचं बोलावणं केलंस ना, हैदराबादला, तुझ्या खेळाला बक्षीस मिळालं त्याचं, तेव्हा मी गुडघा दुखतो म्हणून नाही म्हटलं. गुडघा तुझ्या बापाचा दुखतो. माझे दोन्ही गुडघे ठीक आहेत. विहीणबाई पुढच्या रांगेत बसणार, नवी पैठणी नेसून, आणि मी त्यांच्या शेजारी बसून टाळ्या वाजवायच्या, हे माझ्याने होणार नव्हतं. ही खरी गोष्ट. आता पुढचं ऐक.

तुझी आई गाडी नीट चालवत नाही. सगळे सरळ जातात तिथं ती वळते. अशीच एकदा वाट चुकून धबधब्यामागच्या बोगद्यात शिरली. तिथं अंधारात एक गाडी उभी. बाकीच्या गाड्या चकचकीत, ही मातकट. कुशीवर नाव आहे, ‘चंदा’. नावाखाली नारिंगी रंगाचं गोल गोल वेटोळं. ती गाडी घेऊन शर्यत खेळता येते म्हणे, पण कोणी घेत नाही, कारण ती डावीकडे ओढते. सरळ धरली तरी डावीकडेच जाते.

झालं. तुझ्या आईचं तोंड उतरलं. रात्री तुझ्या बापाजवळ बोलली, सकाळी आदिलाबादला फोन केला. मी पलीकडे तुरीच्या शेंगा सोलत होते. माझ्या कानाला काही झालेलं नाही.

“आई, पोराचं कुठंतरी जमलं. चंदा नाव आहे मुलीचं. त्याने आपल्याला काऊन नाही सांगितलं?”

पलीकडून विहीणबाई म्हणाल्या असतील, ऑफिसातली असेल. मग तुझा बाप म्हणाला, “चंदा म्हणजे जुन्या वळणाचं नाव, चांगल्या घरची असेल.” तुझी आई म्हणाली, “चांगल्या घरची पोरगी अंधारात काऊन उभी राहील?”

मी मधेच विचारलं, “दिसायला कशी आहे?” तर दोघं एकदम कामाला लागले.

तेव्हापासून ही मजा मी एकटी बघून राह्यली. तुझी आई देवापुढे उदबत्ती जास्त लावते. बाप तुझ्या खोलीला रंग देऊ का म्हणतो. मी काही बोलले नाही. बोलणारही नव्हते. पण काल विहीणबाईंचा पुन्हा फोन. व्हिडिओवाल्यांमध्ये भांडण लागलंय म्हणे. ते नारिंगी वेटोळं म्हणजे आकाशगंगा, असं काही म्हणतात. काही म्हणतात इंजिनातली स्प्रिंग. आणि ती डावीकडची ओढ ही चूक आहे, अशी तक्रार गेली, आणि तुझ्या कंपनीने कळवलं की पुढच्या दुरुस्तीत काढून टाकू. विहीणबाई म्हणाल्या, “बरंच झालं, जयदीपच्या खेळात चूक नको.”

तेव्हा माझ्या हातातली शेंग खाली पडली. म्हणून हे पत्र. आता नीट लिही, सुवर्णा.

जयदीप, ती ओढ काढू देऊ नको. आमच्या पाखऱ्याची आहे ती.

तुझी आई लिहायची थांबली. माझ्याकडे बघून राह्यली. लिही बाई, लिही, शाई वाळते.

माझ्या बापाची, धोंडीबाची, पटाची, म्हणजे शर्यतीची, बैलजोडी होती. तू सहावीत होतास, उन्हाळ्यात खळ्यावर निजायला यायचास, तेव्हा विचारलंस, “आजी, तुझं खरं नाव काय?” जन्मात कोणी विचारलं नव्हतं. मी तुला सांगितलं, आणि तू कोणाला सांगणार नाही म्हणालास. तेव्हापासून तू सांगितलं नाहीस. बोगद्यात लपवलंस.

सुवर्णाला आता सगळं सांगते, तूही पुन्हा ऐक. सकाळी नदीच्या वाळूत जोडी मीच पळवायची. जत्रेच्या पटाला गाडी हाकणारा धुरकरी आला नाही, तर बापाने मला छकडीवर बसवलं आणि कासरा हातात दिला. डावा बैल पाखऱ्या, उजव्यापेक्षा ताकदीचा. निशाण पडलं तशी छकडी डावीकडे ओढली, ओढतच गेली, लोक बाजूला पळाले, आणि आम्ही सरळ जिलबीवाल्याच्या दुकानात. पाक, कढई, जिलब्या, सगळं आडवं. नंबर कुठला यायला. पण अख्खी जत्रा ओरडत होती, “चंदा! चंदा!” शिव्या देत होती का कौतुक करत होती, ते मला अजून कळलेलं नाही.

ती आकाशगंगा नाही रे बाबा. जिलबी आहे.

त्याच वर्षी माझं लग्न लावून दिलं. आपल्यात नवरीचं नाव बदलतात, ते ताटातल्या तांदळात लिहितात. ताट माझ्यापुढे ठेवलं, सगळ्या बायका वाचून हसल्या. मला वाचता येईना. नवीन नाव काय ते मला संध्याकाळी कळलं, सासू “जयवंता, जयवंता” म्हणून ओरडून थकली आणि मी आपली बसून, की कोण ही जयवंता, ओ का देत नाही. माहेरचे गेले तसं ते जुनं नाव घेणारं कोणी राहिलं नाही. तुझ्या आजोबांनाही माहीत असेल नसेल.

(जयदीप, मी आई. अठ्ठावीस वर्षं मी यांच्या हाताखाली स्वयंपाक केला आणि मला हे माहीत नव्हतं. उदबत्त्यांचं मनावर घेऊ नकोस. माझ्या आईला मी आज फोन करत नाही, आत्याबाईंनाच करू दे.)

काय लिहिलंस गं एवढं? मी काही बोललेच नाही. असो.

हेवा वाटतो, हे आता लिहूनच टाक. विहीणबाईंचा वाटतो. पाटी उजेडात, घंटा सगळ्यांच्या कानात, आणि मी धबधब्यामागे, वाट चुकेल त्यालाच दिसायची. तू गुपित राखलंस, त्याला काय बोलू. पण त्याहून जास्त हेवा मला त्या चंदाचा वाटतो. ती अजून गाडीवर बसलेली आहे. तिला कोणी उतरवलेलं नाही. दोनशे वर्षांनीही ती कासरा धरून राहणार, आणि इथं मी सुनेची करपलेली भाजी खाते.

तर माझी अट ऐक. साहेबांना सांग, ही चूक नाही, डावा बैल जास्त ओढायचा. लाज वाटू देऊ नको. आणि बक्षिसाच्या दिवशी मी येते. आदिलाबादेहून विहीणबाईंबरोबर गाडीत बसेन, त्यांचा डबा खाईन, चष्म्याचं कौतुकही करीन. पण तिथं मोठ्या पडद्यावर खेळ दाखवशील, तेव्हा चंदाची गाडी घे. दमयंती विद्यालयाच्या पाटीपुढून ने, जोरात ने. डावीकडे ओढली तर ओढू दे. पाटीला लागली तर माझ्याकडून लागली म्हण.

विहीणबाईंना आधी काही सांगू नको. तेवढं एक मला माझ्या तोंडाने सांगायचं आहे.

सुवर्णा विचारते, खाली नाव कोणतं घालू. जयवंताबाईने हे घर चालवलं, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पत्र तिचं नाही.

पुढच्या रांगेतली, डावीकडची खुर्ची ठेव.

तुझी आजी,
चंदा धोंडीबा