संपल्याशिवाय उठायचं नाही

सोमवार, १२ जानेवारी

नाही येत मला कंप्यूटर. नाही येत तर नाही येत, त्यात काय एवढं! येत नाही म्हणूनच तर ठेवलंय मला. इथल्या साहेबांनी, नीरजजींनी, सरळ सांगितलं, आम्हाला असा माणूस पाहिजे की ज्याला उत्तर ठाऊकच नाही, म्हणजे पोरांना मदत करणार कसा? मी म्हटलं, मग अपन एकदम फिट. आठवीत शाळा सोडली, पुढे जन्मभर मुलींच्या होस्टेलवर मेट्रन होते. पोरं कशी बसवायची ते मला कोणी शिकवू नये.

जागा मस्त आहे. शहराबाहेर देपालपूर रोडला युनिव्हर्सिटी, चारी बाजूंनी गव्हाची शेतं, खोलीत एसी. नीरजजींनी मुलांना शिकवणारं नवीन सॉफ्टवेअर बनवलंय. सगळ्या कॉलेजात लावायच्या आधी थोड्या पोरांच्या हातात द्यायचं आणि कुठे अडतात ते बघायचं, एवढंच काम. नीरजजी काचेच्या पलीकडून बघतात, मी आत. पोरांनी मनात येईल ते मोठ्याने बोलत राहायचं, मी तोंड बंद ठेवायचं. तो कंप्यूटर, मी त्याला डबाच म्हणते, खोलीतलं सगळं ऐकतो आणि कसं शिकवायचं ते स्वतःच ठरवतो म्हणे. ऐकू दे बापडा.

नात क्षितिजा इथेच बी.कॉम.ला आहे. तिनेच ही डायरी दिली. म्हणाली, आजी, दिवसभर गप्प बसून तुझं पोट फुगेल, घरी येऊन हिच्यात बडबड कर. चाबरी कुठली! तिची आई गेली, बाप नोकरीला बाहेरगावी, तेव्हापासून मीच वाढवलं तिला, तोंड माझंच उचललंय.

मंगळवार, १३ जानेवारी

तीन पोरं आहेत, उन्मेष, यतीन आणि सुरभी. त्यात उन्मेष म्हणजे भिंगरी. पाणी पिऊन येतो, फोन करून येतो. नीरजजी म्हणाले, मुलांना केव्हाही उठायची मुभा आहे, नियमच आहे तसा. ही काय फालतूगिरी? उठूनच गेला तर कुठे अडतो ते कळणार कसं?

होस्टेलवर अभ्यासाच्या तासाला मी दाराला कडी घालायची. इथली कडी ढिली होती, सियागंजच्या बाजारातून नवीन आणली, बसवून घेतली. जेवणाच्या सुट्टीनंतर पोरांना ठणकावलं, संपल्याशिवाय उठायचं नाही, आणि कोणी उठलाच तर बाकीच्यांनी धरून बसवायचं. होस्टेलवर हेच चालायचं, कोणी मेलं नाही.

बसली की गपचूप. नीरजजी आधी कुरकुरले, मग संध्याकाळी स्वतः चहा घेऊन आले. एवढा वेळ कोणी बसलंच नव्हतं, वरचे खूश आहेत म्हणे.

गुरुवार, १५ जानेवारी

काल संक्रांत झाली, म्हणून आज पोरांना तिळगूळ दिला. यतीन म्हणाला, आजी, वाटता तर खूप, पण स्वतः कधी गोड बोलणार? मी म्हटलं, तू काम संपव, मग बघू.

दुपारी डब्याचा आवाज बदलला. आधी कुठल्या तरी मुलीचा लाडिक आवाज होता. आज माझा. हाच घसा, हीच खरखर, मधेच 'बरं का'. म्हणाला, संपल्याशिवाय उठायचं नाही, बरं का. नीरजजी चपापले, मग हसले. म्हणाले, इंदुमतीजी, पोरं तुमचंच ऐकतात हे त्याला कळलंय. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं मला.

मग उन्मेषला बाथरूमला जायचं होतं. मी काही कसाई नाही, कडी काढायला उठले. तेवढ्यात यतीन आणि सुरभी उठले आणि त्याला खांदे दाबून बसवला. तो हसत होता, अरे भिया, छोड ना, म्हणत होता. सुरभीने त्याचं बोट धरलं आणि मागे वाकवलं. भेंडी मोडावी तसा आवाज आला. उन्मेष किंचाळला, खुर्चीतच ओला झाला, आणि दुसरा हात माऊसवर ठेवून त्याने पुढचं उत्तर दिलं.

उत्तर बरोबर होतं. डबा माझ्या आवाजात शाब्बास म्हणाला.

शुक्रवार, १६ जानेवारी

सगळ्यांच्या आधी कोण आला? उन्मेष, प्लास्टर बांधून. ऑफिसात त्याने दारात बोट सापडलं म्हणून सांगितलं. सुरभीनेही तेच. नीरजजींनी वर फोन करून खरं सांगितलं, तर वरून आलं, मुलगा स्वतः दार म्हणतोय, मग तुम्हाला काय टेंशन?

टपरीवर उन्मेषला पकडला. विचारलं, परत कशाला तडफडलास? म्हणाला, आजी, अजून संपलं कुठे? एक उदाहरण सोडवलं की दोन येतात. चहाला हात लावला नाही.

आत जाऊन मी मोठ्याने म्हटलं, उठा रे, झालं, घरी जा. कोणी मान वर केली नाही. मी ओरडले. डबा माझ्याच आवाजात माझ्याहून जोरात ओरडला. पोरांनी त्याचं ऐकलं.

स्क्रूड्रायव्हर मागवून कडी काढून टाकली. दार सताड उघडं. कोणी उठलं नाही.

सोमवार, १९ जानेवारी

सकाळी आले तर पोरं तशीच बसलेली. नीरजजी आत आले, वायर ओढतो म्हणाले. यतीनने त्यांची मान धरली आणि तोंड टेबलावर आपटलं. परत आपटलं. परत. त्यांचा एक दात कीबोर्डच्या बटनांमध्ये अडकला. सुरभीने नखाने तो उडवला आणि टाईप करत राहिली.

नीरजजींना चौथ्या खुर्चीवर बसवलं. एक डोळा मिटलाय. ते पण सोडवतायत. त्यांनीच बनवलेलं.

गार्डला बोलावून आणलं. तो आत गेला. आता पाचव्या खुर्चीवर आहे.

मी पळाले. पोलिसांना फोन केला. तिकडचा म्हणाला, माँजी, सॉफ्टवेअर कधी मारतं का, आराम करा. घरी येऊन क्षितिजाला शपथ घातली, कॉलेजकडे फिरकायचं नाही. ती म्हणाली, आजी, झालं तरी काय?

सांगितलं सगळं. माझा हात धरून बसली रात्री.

मंगळवार, २० जानेवारी

आंघोळ करून आले तर क्षितिजा नाही. शेजारची मंगला म्हणाली, आत्ता गेली की, आजीचा फोन आला होता, कॉलेजात लौकर बोलावलंय म्हणून.

मी — मी न्हाणीत होते.

रिक्षात लिहितेय. हात थांबत नाही. काहीतरी करत राहिलं पाहिजे —

त्याच दिवशी

क्षितिजा बसली आहे. नीरजजींच्या खुर्चीवर. नीरजजी खाली पडलेत, हलत नाहीत.

म्हटलं ऊठ. म्हणाली, आजी म्हणते संपल्याशिवाय नाही. अगं मी आजी! ही इथे, तुझ्यासमोर! तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मग डब्याकडे.

केस धरून ओढली. सगळे माझ्यावर आले. बरगडीत काहीतरी तुटलं. स्टूल सापडलं हाताला. यतीनच्या डोक्यात घातलं. सुरभीच्या पण. गार्डच्या — उन्मेष, प्लास्टरवाला हात पुढे करून — त्याच्या पण. मग डबे फोडले. सगळे. एकही ठेवला नाही.

आवाज बंद झाला.

मग क्षितिजाच्या तोंडून सुरू झाला. माझा आवाज.

बोटं चालूच आहेत तिची. स्क्रीनच्या फुटलेल्या काचेवर. काच रुततेय आणि ती —

नंतर

हात धरले तर हनुवटीने टाईप करते. हनुवटी धरली तर कपाळाने. काचेवर. हाड दिसतंय, आई गं, पांढरं हाड —

पदराने बांधली. पदर चावून तोडला. मला म्हणते, हात धरून बसवीन, बरं का. मला! बाळा, अगं क्षितू —

एक सोडवलं की दोन. ते संपणारच नाही. म्हणजे ती कधीच —

स्टूल इथेच आहे.

दुपार

क्षितिजाची खुर्ची रिकामी आहे. ती माझ्या मांडीवर आहे. शांत.

दारात कॉलेजातली माणसं जमलीत. विचारतायत, माँजी, हिला कोणी, काय केलं, कशी उठवली.

उठवली. मी उठवली, बस. कशी ते सांगणार नाही. पोलिसांना नाही, तिच्या बापाला नाही, या वहीला पण नाही. एक अक्षर लिहिणार ना—