हिची रेघ

ता. ८ फेब्रु. १९७१, सोम.
बरेच दिवस वही उघडली नाही, चूक झाली. रोज लिहीन असं मुलाला कबूल केलं होतं. पण हिचा खोकला. सकाळी चूल पेटवताना दम लागला, भिंत धरून बसली. पाणी दिलं. म्हणते, "आवो, तुमचं तोंड बघून मलाच भ्या वाटतंय."

ता. ९, मंगळ.
पुण्याच्या डॉक्टरीणबाई चावडीवर आल्या. नळीत फुंकायचं, पाण्यातला डबा वर येतो, कागदावर रेघ उठते. छातीत दम किती ते कळतं. सोनईला झालं, कोल्हारकडं व्हायचंय. मग सगळ्या गावांचं एकत्र मांडणार. "एका गावावरून कारण कळत नाही, आजोबा. बिडी, चूल, की आणखी काही." उद्या हिला नेतो.

ता. १०, बुध.
घोळ झाला. तालमीचे वस्ताद पहाटेच घरोघर सांगून गेले, "सोनईची रेघ आपल्यापेक्षा वर जाता कामा न्हाई. खोकनाऱ्यांनी आज मळ्यात बसायचं." चावडीवर नुसते पैलवान. एकानं तर मांडीवर थाप मारून फुंकलं, वर शिट्ट्या. बाईंनी विचारलं, गावात कोणालाच खोकला नाही? वस्ताद म्हणाले, "देवाची किरपा." मी मागेच उभा. मग मागच्या मागे मळ्याकडं निघालो.
ही मळ्यात, बाभळीखाली.

ता. ११, गुरु.
झोप नाही. हिची रेघच नसेल तर असा दम लागणारी बाई इथं आहे हे पुण्याला कसं कळावं? बाई सामान बांधत होत्या, तेवढ्यात जाऊन सांगितलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं झालं. या रेघा तशाच धरल्या असत्या तर सगळ्या गावांचा हिशेब चुकला असता." यंत्र पुन्हा मांडलं.
हिला गाडीतून आणलं. नळी बघून म्हणते, "जल्मभर चुलीला फुंकलं, आता डब्याला." बाई हसल्या. डबा जरासाच हलला. दुसऱ्यांदाही तेवढाच. बाईंनी गोळ्या दिल्या, धुरापासून लांब ठेवा म्हणाल्या.
वस्ताद चावडीच्या दारात. आता बोलतील म्हणून मी खाली मान घातली. म्हणाले, "काकी, जरा बसा. माझ्या आईलाबी घेऊन येतो."

ता. १३, शनि.
चूल मी पेटवली. ही अंगणात. "शेजारीन हसंल." म्हटलं, हसू दे. भाकरी करपली. खाल्ली बिचारीने. खोकला कमी वाटतो, की माझ्याच मनाला?

ता. २ मार्च, मंगळ.
पुण्याहून काही नाही. सगळी गावं जुळायला वर्ष-दोन वर्षं लागतील असं बाई म्हणाल्या होत्या. गोळ्या संपत आल्या. आज हिने उशी उंच करून मागितली, मग हळूच म्हणाली, "लई काळजी करू नगा."
बाई, गावं सावकाश जोडा. पण हिला पुढं काय द्यायचं तेवढं आधी सांगा. दोन ओळी पुरतील. लवकर कळवा.