शेवटच्या हप्त्यावरचं नाव

नाना, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि यंदा मी तुमच्याशी कडाकडा भांडले. एकटीच. आम्ही धुळ्यात दोन खोल्यांचं घर बघितलं, इसार दिला, आणि बँकेतल्या साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "मॅडम, कर्ज होणार नाही. तुमच्या क्रेडिट रिपोर्टवर शिक्षणाचं कर्ज थकीत दिसतंय. शेवटचा हप्ता भरलेलाच नाही." मी म्हटलं, शक्यच नाही, तो माझ्या वडिलांनी भरलाय. "मग पावती आणा," ते म्हणाले. पावती! चोपड्यातल्या तुमच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात बिलबुक होतं ते चहाचा कप टेकवायला. तुम्ही कुठली पावती जपून ठेवणार?

लग्नानंतरची माझी पहिली आखाजी, अक्षय तृतीयेचा सण, आठवते ना? मी माहेरी आलेय, ओट्यावर पाय सोडून बसलेय, आई आत खापरावर मांडे टाकतेय. तुम्ही दुकानातून येता, हाताला वार्निशचा वास, आणि माझ्या मांडीवर एक डबी ठेवता. आत मनगटी घड्याळ. "तुनं शिक्षणनं बठ्ठं कर्ज फिटनं," तुम्ही म्हणता, "आते तू मोकयी." लेकीचं कर्ज सासरी धाडायचं नाही, हा तुमचा हेका. मी नोकरीला लागले होते, मी भरते म्हटलं, तर दोन दिवस तुम्ही माझ्याशी धड बोलला नव्हतात.

बँकेतून घरी येताना मला ते घड्याळच दिसत होतं. हप्ता आणि घड्याळ एकाच आठवड्यातलं. म्हणजे पैसे घड्याळात घातले, लेकीपुढे मिरवलं आणि वर फिटलं म्हणून सांगितलं! इतकी वर्षं मनगटावर बांधलेलं ते घड्याळ मी काढून कपाटात फेकलं. आईला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. नानांनी मला फसवलं, असं मी म्हणाले. आई एवढंच म्हणाली, "तुना बाप तसा माणूस नव्हता, बाई," आणि फोन ठेवून दिला.

नवरा म्हणाला, आदळआपट नंतर कर, आधी रिपोर्टवर तक्रार तर टाक. टाकली ऑनलाइन. ती तक्रार चोपड्याच्या शाखेत पोचली, तिच्यामागे मीही पोचले. तिथल्या मॅडमनी तीन दिवस जुन्या व्हाउचरांचे गठ्ठे उपसले. चौथ्या दिवशी त्यांनी बोलावलं. "एक रक्कम आलेली आहे, पण या नावाचा कर्जदारच सापडेना म्हणून तेव्हा बाजूला ठेवलेली दिसते. ह्या तुम्हीच का?" भरणा स्लिपवर तुमचं ते तिरपं अक्षर. खाते क्रमांकाची चौकट कोरी, कारण शाखेत तुम्हाला सगळे ओळखायचे. आणि नाव माझं, पण सासरचं. नवऱ्याचं नाव, नवं आडनाव, सगळं ठसठशीत. कर्ज मात्र माझ्या माहेरच्या नावावर.

काय म्हणू तुम्हाला, नाना! मांडवातसुद्धा कुणी मला जुन्या आडनावाने हाक मारली की तुम्ही जागच्या जागी दुरुस्त करायचात. लेक त्या घरची झाली, आता नाव त्या घरचंच. तीच शिस्त तुम्ही बँकेतही पाळलीत. मी त्या काउंटरपाशी उभी राहून रडले आणि मॅडमनी मला पाणी दिलं. लग्नाचा दाखला जोडला, बँकेने रिपोर्टवाल्यांना चूक कळवली, आणि महिन्याभराने रिपोर्टवर आलं: खाते बंद, बाकी शून्य. घराचं कर्जही झालं.

घड्याळ पुन्हा हातात आहे. त्याचे पैसे तुम्ही कुठून उभे केलेत, ते मला अजून माहीत नाही. आईला ठाऊक असणार. पण तिला विचारायचं तर आधी सांगावं लागेल की तू म्हणालीस तेच खरं होतं, आणि मी नानांबद्दल काय काय बोलले ते सगळं खोटं. घर झाल्याचं तिला कळवलंय, स्लिप सापडल्याचं नाही. दर रविवारी फोन करते, तब्येत विचारते, आणि ठेवते. तुमची माफी इथे कागदावर मागून टाकली, कारण तुम्ही उलट काही विचारणार नाही.